अनंत यातना की अंतिम नाश?

नरकाच्या स्वरूपावरून ख्रिस्ती जगतात पुन्हा वाद पेटला आहे. या वादाचा एक धागा थेट अहमदनगरपर्यंत येतो.

कर्क कॅमेरॉन हे नाव अमेरिकेतील इव्हँजेलिकल पंथीयांना चांगलेच परिचित आहे. 'ग्रोइंग पेन्स' या दूरचित्रवाणी मालिकेतून किशोरवयातच प्रसिद्धीस आलेल्या या अभिनेत्याने पुढे 'लेफ्ट बिहाइंड' (२०००) यांसारख्या धार्मिक चित्रपटांत भूमिका केल्या. धर्मप्रचारक रे कम्फर्ट यांच्यासमवेत रस्त्यावर उभे राहून, पापाची शिक्षा काय असते हे ये-जा करणाऱ्यांना सांगण्याचे कामही त्यांनी अनेक वर्षे केले. डिसेंबर २०२५ मध्ये याच कॅमेरॉन यांनी आपल्या पॉडकास्टमध्ये मुलगा जेम्स याच्याशी चर्चा करताना एक शंका जाहीरपणे बोलून दाखवली. तारण न झालेल्या माणसाला देव अनंतकाळ यातना देत राहतो, की न्यायनिवाड्यानंतर त्याचा कायमचा नाश करतो? आपला कल दुसऱ्या मताकडे झुकू लागला आहे, असे त्यांनी सांगितले आणि खळबळ उडाली.

अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट पंथाचे प्रमुख विचारवंत अल्बर्ट मोहलर यांच्यासह अनेकांनी कॅमेरॉन यांच्यावर टीका केली. नरक आहे आणि न्यायनिवाडाही आहे, प्रश्न शिक्षेच्या स्वरूपाचा आहे, असा खुलासा कॅमेरॉन यांच्या बाजूने झाला. पण तेवढ्याने टीकाकारांचे समाधान झाले नाही.

ख्रिस्तेतर वाचकाला हा वाद परक्या घरातील भांडणासारखा वाटण्याचा संभव आहे. तथापि, गुन्हा आणि शिक्षा यांत काही प्रमाण असावे की नाही, हा त्यामागील प्रश्न सर्वांनाच परिचित आहे. शिवाय या वादाच्या इतिहासात मुंबई, गोवा आणि अहमदनगर यांच्याशी निगडित असलेली नावे पुन्हा पुन्हा येतात. त्या नावांकडे लक्ष दिले, तर आजच्या चर्चेत कोणती गोष्ट सुटून जाते आहे, हेही ध्यानात येते.

वाद नेमका कशाचा?

याबाबत ख्रिस्ती विचारात तीन मते आढळतात. पहिले, परंपरेने बहुसंख्य चर्चनी मानलेले मत असे की, तारण न झालेल्यांना नरकात जाणिवेसह अनंतकाळ शिक्षा भोगावी लागते. दुसरे मत अंतिम नाशाचे. यानुसार अमरत्व हा मानवी आत्म्याचा उपजत गुण नाही. ते देवाने ख्रिस्ताद्वारे दिलेले दान आहे. ज्याने ते स्वीकारले नाही, त्याचे अस्तित्वच न्यायनिवाड्यानंतर संपुष्टात येते. म्हणून या मताला 'सशर्त अमरत्व' असेही म्हणतात. तिसरे मत असे की, अखेरीस सर्वांचेच तारण होईल. अमेरिकी ऑर्थोडॉक्स विचारवंत डेव्हिड बेंटली हार्ट यांनी २०१९ मध्ये एक संपूर्ण ग्रंथ लिहून ते हिरिरीने मांडले.

सध्याचा संघर्ष प्रामुख्याने पहिल्या दोन मतांमध्ये आहे. दोन्ही पक्ष बायबलला अंतिम प्रमाण मानतात आणि तारण ख्रिस्ताद्वारेच होते, असेही मानतात. म्हणजे हा श्रद्धाळू आणि अश्रद्ध यांच्यातील वाद नव्हे. एकाच घरातील, एकच ग्रंथ हाती घेतलेल्या भावांमधील वाद आहे. त्याची धार तीव्र असण्याचे हेही एक कारण आहे.

वचनांचा अर्थ कोणता?

परंपरावाद्यांचा मुख्य आधार मत्तयाच्या शुभवर्तमानातील २५ व्या अध्यायाचा शेवट हा आहे. तेथे नीतिमानांचे जीवन आणि इतरांची शिक्षा या दोहोंना 'आयोनियोस' हे एकच ग्रीक विशेषण लावलेले आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'सार्वकालिक' हा शब्द रूढ आहे. जीवन अंतहीन असेल, तर त्याच वाक्यातील शिक्षा मर्यादित कशी, असा बिनतोड वाटणारा प्रश्न संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या २१ व्या भागात विचारला. प्रकटीकरणाच्या पुस्तकातील अग्नीचे सरोवर आणि युगानुयुग वर चढणारा यातनांचा धूर यांचाही दाखला दिला जातो.

नाशवाद्यांचे उत्तर असे की, 'सार्वकालिक' हा शब्द कधी कधी क्रियेला नव्हे, तिच्या परिणामाला लागू होतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात सार्वकालिक मुक्तीचा उल्लेख आहे. मुक्त करण्याची क्रिया अनंतकाळ चालू राहते, असा त्याचा अर्थ कोणीही करत नाही. यहूदाच्या पत्रात सदोम आणि गमोरा ही नगरे सार्वकालिक अग्नीच्या शिक्षेचे उदाहरण म्हणून येतात. ती नगरे आज जळत नाहीत, ती नष्ट झाली. शरीर आणि आत्मा या दोहोंचा नाश करण्यास देव समर्थ आहे, असे मत्तयाच्या १० व्या अध्यायात स्वतः येशूच सांगतो. मरण, नाश, जळून जाणे हे शब्द बायबलमध्ये विपुल आहेत. मग त्यांचा सरळ अर्थ का घेऊ नये, असा त्यांचा सवाल आहे. आत्मा स्वभावतःच अमर असतो ही कल्पना बायबलमधून आलेली नसून, प्लेटोच्या तत्त्वज्ञानातून ख्रिस्ती विचारात शिरली, असेही ते म्हणतात.

परंपरावादी यावर दोन आक्षेप घेतात. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे शिक्षेत कमी-अधिक भेद आहेत. सर्वांचाच अंत शून्यात होणार असेल, तर ते भेद कसे राहतील? दुसरे असे की, अट्टल दुष्टाला नाश ही सुटकाच वाटेल. यावर नाशापूर्वीची शिक्षा कमी-अधिक असू शकते, असे नाशवाद्यांचे उत्तर आहे. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद बारकाईने वाचले, तर कोणत्याही एका पक्षाला अडचणीची वचने नाहीत, असे म्हणता येत नाही.

नोकरीवर गदा, न्यायालयात खटला

या वादाचा निर्णय केवळ ग्रंथालयात झाला नाही. इ.स. ५५३ च्या कॉन्स्टॅन्टिनोपल येथील धर्मपरिषदेने ओरिजेन यांच्या नावाशी जोडलेली मते धिक्कारली आणि सर्वांच्या तारणाची आशा त्यानंतर संशयास्पद ठरली. ऑगस्टीन यांचे मत पश्चिमेकडील चर्चचे अधिकृत मत बनले. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट सुधारकांनी पोपची सत्ता झुगारली. परंतु नरकाच्या शिकवणुकीला बहुतांशी हात लावला नाही.

मोठा हादरा बसला तो एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये. एडवर्ड व्हाइट या काँग्रिगेशनल धर्मगुरूंनी १८४६ मध्ये 'लाइफ इन ख्राइस्ट' या पुस्तकात सशर्त अमरत्वाची मांडणी केली. १८५३ मध्ये एफ. डी. मॉरिस यांना 'सार्वकालिक' या शब्दाचा वेगळा अर्थ लावल्याबद्दल लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापकपद गमवावे लागले. १८६४ मध्ये हा प्रश्न चक्क प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीपुढे गेला. 'एसेज अँड रिव्ह्यूज' या ग्रंथातील एका लेखकाने दुर्जनांनाही अखेर क्षमा मिळेल, अशी आशा व्यक्त केली होती. अशी आशा बाळगणे हा चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मगुरूसाठी गुन्हा ठरत नाही, असा निर्वाळा समितीने दिला. न्यायालयाने नरकाचा दावा खर्चासह निकाली काढला, असा विनोद त्या काळी रूढ झाला. पण सुमारे ११ हजार धर्मगुरूंना त्यात विनोद दिसला नाही; त्यांनी अनंत शिक्षेवरील आपला विश्वास जाहीर करणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या.

नोव्हेंबर १८७७ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये फ्रेडरिक विल्यम फरार यांनी या विषयावर प्रवचने दिली आणि ती 'इटर्नल होप' या नावाने प्रसिद्ध झाली. नरकाच्या प्रचलित भयानक वर्णनांवर त्यांनी घणाघाती टीका केली. मात्र सर्वांचे तारण होईलच, असेही ठामपणे म्हटले नाही. या फरार यांचा जन्म १८३१ मध्ये मुंबईत, चर्च मिशनरी सोसायटीच्या एका मिशनऱ्याच्या घरी झाला होता.

विसाव्या शतकात वादाची सूत्रे इव्हँजेलिकल पंथीयांकडे आली. अमेरिकेतील एडवर्ड फज यांनी १९८२ मध्ये 'द फायर दॅट कन्झ्यूम्स' हा ग्रंथ लिहून अंतिम नाशाच्या मताला बायबलचा आधार असल्याचा दावा केला. १९८८ मध्ये जॉन स्टॉट यांनी तेच मत, अंतिम निर्णय म्हणून नव्हे तर विचारार्थ म्हणून, मांडले तेव्हा मात्र सारेच चकित झाले. १९७४ च्या लोझान कराराचे प्रमुख शिल्पकार असलेल्या स्टॉट यांच्या निष्ठेविषयी शंका घेणे कठीण होते. अनंत यातनांची कल्पना मनाला असह्य होते. तथापि निर्णय भावनेने नव्हे, शास्त्राने व्हावा आणि शास्त्रच नाशाकडे बोट दाखवते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. चर्च ऑफ इंग्लंडच्या सिद्धांत आयोगाने १९९५ च्या अहवालात नरकाचे वर्णन अस्तित्वाचा पूर्ण अभाव असे केले. ब्रिटनमधील इव्हँजेलिकल अलायन्सच्या २००० सालच्या अहवालानेही सशर्त अमरत्व हे इव्हँजेलिकल पंथीयांतील लक्षणीय अल्पसंख्य मत असल्याचे मान्य केले. याउलट सदर्न बॅप्टिस्ट पंथाने त्याच वर्षी स्वीकारलेल्या श्रद्धापत्रकात नरक हे सार्वकालिक शिक्षेचे स्थान असल्याचे नमूद आहे. २०११ मध्ये रॉब बेल या लोकप्रिय पाळकाने 'लव्ह विन्स' या पुस्तकात परंपरागत नरकाविषयी प्रश्न उपस्थित केले. त्यावर अमेरिकेत मोठे वादळ उठले आणि त्याच वर्षी बेल यांनी आपले चर्च सोडले.

'आमच्या पूर्वजांचे काय?'

हा सारा वृत्तांत वाचताना असे वाटू शकते की, हा युरोप-अमेरिकेतील विद्वानांचा आपापसांतील वाद आहे. वस्तुस्थिती तशी नाही. ख्रिस्ती धर्म जेथे नव्याने पोहोचत होता, तेथील श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नानेही या वादाला धार दिली. तो प्रश्न साधा होता: ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही, त्या आमच्या आई-वडिलांचे, आजा-पणजांचे काय?

जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकेत ज्यांचे पार्थिव जतन करून ठेवले आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर १५४९ ते १५५१ या काळात जपानमध्ये होते. तेथून परतल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून युरोपातील सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी जपानी ख्रिस्ती लोकांच्या दुःखाचे वर्णन केले आहे. मृत आप्तांसाठी दानधर्माने वा प्रार्थनेने काही करता येईल का, असे ते विचारत. नरकात गेलेल्यांसाठी कोणताही उपाय नाही, हे झेवियर यांचे उत्तर ऐकून ते रडत. त्यांचे रडणे पाहून आपल्यालाही वाईट वाटते, हे झेवियर यांनी लपवलेले नाही. तथापि त्यांचे उत्तर बदलले नाही.

तीन शतकांनंतर दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात उत्तर बदलले. तेथील अँग्लिकन बिशप जॉन कोलेन्सो यांनी झुलू लोकांमध्ये काम करताना त्यांच्या प्रश्नांचा गांभीर्याने विचार केला आणि १८६१ मध्ये रोमकरांस पत्रावरील भाष्यात अनंत शिक्षेची शिकवण नाकारली. बायबलविषयक त्यांच्या इतर मतांवरूनही रोष होताच. केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी त्यांना पाखंडी ठरवून पदच्युत केले. पुढे १८६५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ग्रे यांना तसा अधिकारच नव्हता, असा निकाल दिला.

अहमदनगरच्या मिशनऱ्याची अडवणूक

तिसरे प्रकरण महाराष्ट्रातील आहे. अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ चा, मुंबईतला, वडीलही मिशनरी. १८७४ पासून ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे कार्यरत होते. धर्मोपदेशक घडवणारे तेथील विद्यालय त्यांनीच सुरू केले. रेव्हरंड नारायण वामन टिळक पुढे याच मिशनमध्ये काम करू लागले.

ह्यूम रजेवर अमेरिकेत गेले असताना, १८८६ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे एका वेगळ्या गृहीतकाची चर्चा चालू होती. या जन्मी ज्यांना शुभवर्तमान ऐकण्याची संधीच मिळाली नाही, त्यांना मृत्यूनंतर ती मिळत असावी, असे ते गृहीतक. हे अंतिम नाशाचे मत नव्हे. पण अनंत शिक्षेच्या शिकवणुकीतील त्याच दुखऱ्या जागेवर त्याने बोट ठेवले होते. ह्यूम यांनी अँडोव्हर येथील भाषणात या विचाराला सहानुभूती दर्शवली. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाच्या कार्यकारी समितीने त्यावर त्यांची भारतातील परतपाठवणी रोखून धरली. बारा वर्षे मराठी मुलखात काम केलेला, मराठी उत्तम जाणणारा माणूस, केवळ मृतांविषयी थोडी आशा बाळगतो म्हणून अडकून पडला. प्रकरण गाजले, बोर्डाच्या वार्षिक सभेपर्यंत गेले आणि अखेर १८८७ मध्ये त्यांना परतण्याची परवानगी मिळाली.

येथील श्रोत्यांच्या दृष्टीने ही शिकवण विशेष जड होती, हे समजण्यासारखे आहे. पुराणांतील नरकवर्णने काही सौम्य नाहीत. गरुडपुराण वाचणाऱ्याला ते सांगावे लागत नाही. मात्र तेथील नरकवास भोगून संपतो आणि जीव पुन्हा जन्म घेतो. काही जीव कायमचेच अंधारात राहतात, असे मानणारी मध्वाचार्यांची परंपरा हा ठळक अपवाद. कर्माच्या हिशेबात शिक्षेला अंत असतो, अशी धारणा असलेल्या समाजाला अंत नसलेली शिक्षा, तीही न ऐकलेल्या संदेशाबद्दल, पटवून देणे सोपे नव्हते. ह्यूम यांनी ही अडचण पुस्तकातून नव्हे, प्रत्यक्ष अनुभवातून जाणली होती.

मुदत बदलली, यादी तीच

या पार्श्वभूमीवर आजच्या वादाकडे पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. अनंत यातना की अंतिम नाश, हा शिक्षेच्या मुदतीचा प्रश्न आहे. जपानी, झुलू आणि मराठी श्रोत्यांनी विचारलेला प्रश्न मात्र शिक्षेस पात्र कोण, हा होता. नाशाचे मत स्वीकारले, तर कोणाचाही छळ अनंतकाळ चालत नाही, हा दिलासा निश्चितच मोठा आहे. पण ज्यांची नावे पूर्वी यातनांच्या यादीत होती, त्यांचीच नावे आता नाशाच्या यादीत राहू शकतात. आजी अनंतकाळ जळत नाही, एवढे ऐकून नातवाचे समाधान होईल काय? ती कायमची नाहीशी झाली, हेही त्याला तितकेच अन्यायाचे वाटू शकते.

हे अंतर काहींनी ओळखले होते. स्टॉट यांनी शुभवर्तमान न ऐकलेल्यांच्या भवितव्याविषयी निश्चित विधान करणे टाळले आणि बहुसंख्य मानवजातीचे तारण होईल, अशी आशा बोलून दाखवली. कॅथलिक चर्चने तर याच प्रश्नाला आधी हात घातला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चविषयक दस्तऐवजात असे म्हटले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान माहीत झाले नाही, पण जे सद्सद्विवेकबुद्धीनुसार देवाचा शोध घेतात, त्यांचेही तारण होऊ शकते. म्हणजे रोमने नरकाची मुदत तशीच ठेवली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात नरकाचे अस्तित्व आणि त्याची अनंतता या दोहोंची ग्वाही आहे. बदल केला तो दाराशी कोण उभे राहणार, याबाबतीत. मार्च २०१८ मध्ये इटालियन पत्रकार युजेनिओ स्काल्फारी यांनी पोप फ्रान्सिस यांच्या तोंडी पापी आत्मे नाहीसे होतात असे उद्गार घातले, तेव्हा तो शब्दशः वृत्तांत नसल्याचे व्हॅटिकनने तातडीने स्पष्ट केले. जानेवारी २०२४ मध्ये मात्र फ्रान्सिस यांनी स्वतःच इटालियन दूरचित्रवाणीवर, नरक रिकामा असावा अशी आपली आशा आहे, असे सांगितले. नरक अनंत असू शकतो आणि तरीही रिकामा असू शकतो. कॅमेरॉन यांच्या टीकाकारांनी आणि समर्थकांनीही या शक्यतेचा फारसा विचार केलेला दिसत नाही.

येथील चर्चची भूमिका

महाराष्ट्रात हा वाद उघडपणे फारसा होत नाही. त्याचे एक कारण चर्चच्या रचनेत आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया प्रेषितांचा आणि नायसियाचा असे दोन मतांगिकार मानते. ख्रिस्त जिवंतांचा व मृतांचा न्याय करील, एवढेच त्या दोहोंत आहे. शिक्षा किती काळ, याविषयी ते काही सांगत नाहीत. त्यामुळे एकाच बाकावर बसलेल्या दोघांचे याबाबतचे मत भिन्न असले, तरी दोघेही तोच मतांगिकार म्हणू शकतात. वसईतील आणि गोव्यातील कॅथलिकांना रोमची शिकवण लागू आहे. सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ तर अधिकृतपणेच अंतिम नाश मानतो आणि पुण्यातील औंध येथील स्पायसर ही त्याची जुनी शिक्षणसंस्था आहे. अमेरिकेत एका अभिनेत्याने उच्चारल्याने खळबळ उडवणारे मत पुण्यात अनेक दशके शांतपणे शिकवले जात आहे.

तेव्हा नाशाचे मत नवे आहे, किंवा ते मानणारा ख्रिस्ती राहत नाही, या आरोपाला इतिहासाचा आधार नाही. त्याचप्रमाणे ते स्वीकारले म्हणजे देवाच्या न्यायाविषयीच्या सर्व शंका मिटल्या, हा समजही टिकणारा नाही. शिक्षा किती काळ चालावी, यावर अमेरिकेतील पंडित अजून बराच काळ भांडतील. परंतु जपानमधील नवख्रिस्ती ज्या प्रश्नापाशी रडले आणि जो प्रश्न घेऊन ह्यूम अमेरिकेस गेले, त्याचे उत्तर मुदतीच्या हिशेबात सापडणार नाही. ते देण्यासाठी आधी आपल्या मृतांची नावे घेऊन विचारणाऱ्या माणसाचे ऐकावे लागेल.